मालवणच्या पाण्यात होडी बांधायला खुंटी द्या

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय व बंदरे मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: मालवण सागरी अभयारण्यात पर्यटक होड्यांसाठी कायमचे बोये (होडी बांधायचे तरंगते गोळे) बसवून ते स्थानिक मच्छीमारांच्या ताब्यात देण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी मालवणची माहेरवाशीण. वडील मालवणच्या दांडी किनाऱ्यावरचे रापणकर, किनाऱ्यावरून रापण हे मोठं जाळं ओढणारे. आमच्या घराची चूल रापणीच्या वाट्यावर पेटायची. लग्नानंतर देशावर गेले, तिथे शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि आता निवृत्त झाले. या जानेवारीत पुष्कळ वर्षांनी सलग आठ दिवस माहेरी राहिले. त्या आठ दिवसांत जे पाहिलं त्यातली एकच गोष्ट आपल्यापुढे मांडायची आहे. ती लहान आहे, फार पैशांची नाही आणि मनात आणलं तर येत्या हंगामाआधी होण्यासारखी आहे.

पहिल्या दिवशी पहाटेच उठून बंदरावर गेले. मतलई वारा सुटला होता आणि रात्री गेलेल्या होड्या एकेक करून किनाऱ्याला लागत होत्या. वाळूवर मासळीचे ढीग पडत होते. बांगडा, पेडवे, सौंदाळे, एका बाजूला दोन मोरी, एका टोपलीत मोजून सहा सुरमया. लिलाव पुकारणाऱ्याचा आवाज लहानपणी ऐकला तसाच वाटला, माणूस मात्र अर्थातच वेगळा. बायका पाट्या घेऊन उभ्या होत्या. त्यांतल्या एकीने मला ओळखलं आणि माझ्या वडिलांचं नाव घेऊन विचारलं, "त्येंचा चेडू ना तू?" चाळीस वर्षांनी कुणी असं विचारलं की माणूस काय बोलणार? मी तिच्याकडून बांगडे घेतले. तिने पैसे घेतले, पण वर दोन बांगडे जास्त टाकले.

याच बंदरावर नारळी पौर्णिमेला सगळं मालवण लोटतं. समुद्राला नारळ अर्पण होतो, बायका नारळ लढवतात आणि मग दर्याकडे नव्या वर्षाचं काम मागितलं जातं. बंदर म्हटलं की आपल्या खात्याला धक्का, शीतगृह, डिझेल परतावा, परवाना आठवत असेल. आम्हाला तो दिवस आठवतो. पुढचं वाचताना तो दिवस आपल्याही ध्यानात असावा, म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर गेले. सिंधुदुर्ग मी लहानपणी असंख्य वेळा पाहिला आहे, पण तेव्हा पोरांच्या नजरेने. या वेळी होडी चालवायला माझा भाचा होता. बाप मासेमारी करायचा, हा हंगामात पर्यटकांची होडी चालवतो आणि उरलेल्या दिवसांत जाळं घेऊन जातो. जेट्टीवरून किल्ला समोर दिसतो, पण होडी सरळ जात नाही. ती खडकांमधून वाट काढत वळत वळत जाते. भाच्याने बोट दाखवत एकेक खडक ओळखवून दिला. कुठला सुकतीला उघडा पडतो, कुठला भरतीत बुडतो आणि होडीचा तळ फोडतो, हे सगळं त्याच्या डोक्यात आहे, नकाशात नाही.

शिवाजी महाराजांनी कुरटे बेटाची निवड केली ती या खडकांमुळेच. १६६४ साली किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा झाली आणि पुढच्या तीनेक वर्षांत हा जलदुर्ग उभा राहिला. शत्रूचं मोठं जहाज तटापर्यंत येऊच शकत नव्हतं. महादरवाजा असा बुरुजांच्या आड आहे की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मध्ये या गोड्या पाण्याच्या विहिरी. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आणि चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायांचे ठसे. आजही किल्ल्यात काही कुटुंबं राहतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत सिंधुदुर्ग आहे, आणि विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरीही आहेत. आम्हा मालवणकरांना त्याचा केवढा आनंद झाला ते मी लिहीत बसत नाही. पण या मान्यतेबरोबर माणसं येणार, आणि त्यांना पाण्यावरून नेणाऱ्या होड्याही वाढणार.

माझा मुद्दा त्या होड्यांचा आहे.

किल्ल्याला ज्या खडकांनी राखलं, त्याच खडकांवर पाण्याखाली प्रवाळ आहे. म्हणून १३ एप्रिल १९८७ रोजी इथे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यातला गाभा तीन चौरस किलोमीटरहून थोडा जास्त, आणि तो सिंधुदुर्ग, पद्मगड आणि भोवतालच्या खडकाळ बेटांभोवतीच आहे. म्हणजे पर्यटक जिथे सर्वांत जास्त येतो, तिथेच सर्वांत नाजूक जागा आहे.

तिसऱ्या दिवशी सुकतीला आम्ही दांडीवरून पद्मगडाकडे चालत गेलो. घोट्याएवढ्या पाण्यातून वाळूच्या पट्टीवरून जाता येतं. परत येताना भाचा म्हणाला, "आत्ये, तू शाळेत प्रवाळ शिकवलंस. बघितलंस कधी?" मी कधीच बघितलं नव्हतं. दांडीवर जन्मलेल्या आणि तीस वर्षं मुलांना पुस्तकातलं चित्र दाखवणाऱ्या बाईने, आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावरचं प्रवाळ साठीनंतर पहिल्यांदा पाहिलं.

दुपारी त्याने मला होडीतून किल्ल्याच्या मागच्या बाजूला नेलं. पाणी दोन-तीन वाव, म्हणजे दोन-तीन पुरुष खोल. तोंडाला मुखवटा, तोंडात नळी, अंगात जॅकेट आणि बाजूला हात धरायला एक मुलगा. मी पाण्यात तोंड घातलं आणि पहिली काही मिनिटं श्वास कसा घ्यायचा तेच विसरले. खाली गोल गोल, तपकिरी-हिरवट, मेंदूसारख्या वळ्यांचे दगड. ते दगड नव्हेत, जिवंत प्राण्यांच्या वसाहती आहेत, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. त्यांच्यामधून पट्ट्यापट्ट्यांचे मासे फिरत होते. एका फटीतून एक गोबरा मासा तोंड बाहेर काढून बघत होता. एका कपारीत शेवंडीच्या मिशा हलताना दिसल्या. मला रडू आलं आणि मुखवट्यात पाणी साठलं.

मग शेजारी दुसरी होडी आली. तिने नांगर टाकला.

चार नखांचा लोखंडी नांगर खाली आला आणि एका गोल प्रवाळाच्या कडेवर आदळला. होडी वाऱ्याने मागे सरकली, दोर ताणला गेला, नांगर घसरत गेला आणि पुढच्या एका खाचेत अडकला. तो जिथून घसरला तिथे पांढरा ओरखडा राहिला. मी हाताची मूठ धरून अंदाज केला, चार मुठी लांब असेल. अशा गोल प्रवाळाची वाढ वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटरच्या आसपास असते. म्हणजे त्या एका घसरणीत कित्येक वर्षांची वाढ गेली. आजूबाजूला पाहिलं तर तसे ओरखडे आणखी होते. काही जुने, शेवाळ धरलेले. एक प्रवाळ तर मुळापासून उलटून पडलं होतं.

वर आल्यावर मी भाच्याला काही बोलायच्या आतच तो बोलला. आपला नांगर त्याने थोडा लांब, वाळूत टाकला होता, पण तिथून पोहत यायला माणसांना भीती वाटते. "नांगर टाकूक नाय तर होडी ऱ्हवतली कशी? आमका काय बरा वाटता काय ह्या?" तो म्हणाला. मग किनाऱ्याला लागेपर्यंत गप्प बसला.

त्याला बोल लावायला मी हे पत्र लिहीत नाही, आणि त्या दुसऱ्या होडीवाल्यालाही नाही. त्या होडीत आठ पर्यटक होते. लहान पोरं होती. होडी एका जागी उभी राहिली नाही तर माणसं बुडतील. मे २०२२ मध्ये तारकर्लीला बोट उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला, ते आम्ही कुणी विसरलेलो नाही. माणसाच्या सुरक्षेसाठी नांगर हवाच. पण नांगर टाकण्यावाचून दुसरा मार्गच ठेवला नाही तर प्रवाळ मरणारच, आणि ते मारल्याचं पाप त्या पोरांच्या माथी येणार. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीत. पाण्याखालचा हा वाघ रोज नांगराखाली येतो आहे.

उपाय जुना आहे आणि जगात ठिकठिकाणी रुळलेला आहे. उघड्या खडकात भोक पाडून त्यात लोखंडी खुंटी सिमेंटने पक्की करायची, किंवा वाळू असेल तिथे जड काँक्रीटचा ठोकळा ठेवायचा. त्याला मजबूत दोर, दोराच्या मध्यावर एक लहान तरंगता गोळा म्हणजे दोर तळावर घासत नाही, आणि वर पाण्यावर मोठा बोया. होडी आली की बोयाला बांधायची, पर्यटक उतरवायचे, परत चढवायचे, दोर सोडायचा. फ्लोरिडातल्या प्रवाळ भागात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून अशा खुंट्या आहेत. गोठ्यात जनावराला दावं बांधायला खुंटी लागते, तशी समुद्रात होडीला. आपल्याकडे लोखंडी काम करणारे आहेत, दोर ओवणारे आहेत, श्वास रोखून तीन वाव खाली जाणारी आणि सिलिंडर लावून तासभर काम करणारी पोरं तर मालवणात घरटी आहेत.

अडचण पावसाळ्याची. आपण म्हणाल की जून-जुलैच्या लाटांत बोया टिकणार नाही. बरोबर आहे, टिकणार नाही. पण तशीही २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत प्रवासी आणि जलक्रीडेच्या होड्या बंदच असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. आमच्या लोकांना या दिवसांची सवय आहे. मे संपता संपता होड्या वर ओढल्या जातात, शाकारल्या जातात, जाळी सुकवून माळ्यावर जातात. त्याच आठवड्यात वरचे बोये आणि दोर सोडवून आणायचे. खालची खुंटी खडकात राहील. सप्टेंबरला पुन्हा जोडायचे. हे काम शिकवावं लागणार नाही. वर्षानुवर्षं ते हेच करत आले आहेत, फक्त होडीच्या ऐवजी बोया.

आता खरी अडचण सांगते. ती मला भाच्याने सांगितली, आणि ती समजून घेतल्याशिवाय आपण बोये टाकायला गेलात तर लोक ते उपटून टाकतील.

मी त्याला विचारलं, सरकारने बोये बसवले तर तुम्ही वापराल ना? तो लगेच हो म्हणाला नाही. म्हणाला, "आत्ये, आज बोयो बसलो की फाल्यां म्हणतले, ह्या बोयाच्या आत जाळां टाकूचा नाय." शेजारी बसलेले एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, माझ्या वडिलांबरोबर रापणीला असायचे, ते म्हणाले, "सत्त्यांशीत आमका कोणी इचारल्यान नाय."

महोदय, मालवणात अभयारण्याला इतकी वर्षं जो विरोध आहे त्याचं मूळ या एका वाक्यात आहे. गाबीत या इथल्या मच्छीमार समाजाच्या घरांना त्या दिवशी कळलं की आपल्या दारासमोरचा दर्या आता राखीव झाला. जे मासे रापणीत येतात ते आपले की सरकारचे, हा प्रश्न तेव्हापासून लोकांच्या पोटात आहे. त्यात वरून मोठ्या जाळ्यांचा मार. मासळीचा थवाच्या थवा घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर २०१६ मध्ये निर्बंध आले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आली, १९८१ चा मासेमारी नियमन कायदा २०२१ मध्ये कडक झाला, आता आपण ड्रोनने नजर ठेवायला सुरुवात केली आहे. या सगळ्याचं आमचे लोक स्वागतच करतात. पण रात्री समुद्रात दूरवर दिव्यांची रांग दिसते तेव्हा लहान मच्छीमाराला वाटतं, नियम फक्त माझ्या दोन माणसांच्या होडीला लागतात. अशा माणसाला बोया दाखवला तर तो त्यात कुंपणाचा खांबच बघणार.

म्हणून माझी विनंती बोयांची आहे, पण त्याहून जास्त ते कुणाच्या हातात असतील याची आहे. बोये कुठे बसवायचे त्या जागा तांडेल, रापणकर आणि होडीवाले यांनी ठरवाव्यात. कुठे प्रवाळ आहे, कुठे वाळू आहे, कुठून प्रवाह वळतो हे त्यांना पाठ आहे. शास्त्रज्ञांनी त्यांच्याबरोबर पाण्यात उतरून ते तपासावं. बसवण्याचं, काढण्याचं, दुरुस्तीचं काम आणि त्याचे पैसे मच्छीमार सहकारी संस्थांकडे जावेत. होडी बांधण्याचं लहानसं शुल्क पर्यटकाच्या तिकिटात धरावं आणि तेही तिथेच राहावं. आणि शासन निर्णयात एक वाक्य स्पष्ट मराठीत असावं, की हे बोये होड्या बांधण्यासाठी आहेत, यांनी कोणतीही हद्द ठरत नाही आणि यांच्यामुळे पारंपरिक मासेमारीचा कोणताही हक्क कमी होत नाही. ते वाक्य नसेल तर बाकीचं सगळं मिळूनही उपयोग नाही.

त्या प्रवाळाशी मच्छीमाराचं भांडण नाही, हेही सांगायला हवं. गोबरा, तांबोशी, शेवंड ही सगळी खडकातली मासळी. त्यांची पिल्लं या कपारींत वाढतात. तांडेल म्हणाले, पूर्वी या खडकांच्या कडेला गळ टाकला की संध्याकाळची आमटी व्हायची. प्रवाळ गेलं तर उघडा दगड राहील आणि दगडावर फार काळ काही राहत नाही. मग पर्यटकही येणार नाही, कारण तो दगड बघायला येत नाही.

हे काम एकट्या आपल्या खात्याचं नाही, याची मला कल्पना आहे. मालवणच्या एका दिवसाच्या सहलीत किती खाती येतात बघा. जेट्टी आणि होडीचा परवाना मेरीटाइम बोर्डाकडे, किल्ला भारतीय पुरातत्त्व खात्याकडे, पाण्याखालचं अभयारण्य वन विभागाकडे, मासेमारी आपल्याकडे, पर्यटन आणखी कुणाकडे. बंदरे आणि मत्स्यव्यवसाय ही दोन्ही खाती आपल्या हाती आहेत, म्हणून मी आपल्यालाच लिहिलं. वनमंत्र्यांबरोबर एक बैठक घ्या, आणि ती मंत्रालयात न घेता मालवणला घ्या. सुकतीची वेळ बघून घ्या. नंतर पाण्यात उतरा. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा एकदा पाण्यात तोंड घालून बघणं वेगळं असतं, हे मी साठीनंतर शिकले.

आणखी एक गोष्ट मनात आली ती लिहिते. नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही युद्धनौका निवती रॉक या समुद्रातल्या खडकाळ बेटांजवळ पाण्यात ठेवून तिथे पाण्याखालचं संग्रहालय करायची शासनाची योजना आहे. निवती रॉकचा परिसर मी लांबूनच पाहिला आहे. दीपगृह, कातळ, आणि तिथल्या गुहेत लाळेने घरटी बांधणाऱ्या पाकोळ्या, ज्यांची घरटी चोरणाऱ्यांना पकडावं लागलं होतं. जहाजाच्या लोखंडावर हळूहळू प्रवाळ धरेल, मासे येतील, लोक बघायला जातील, अशी कल्पना आहे. ती चांगली आहे, माझा विरोध नाही. पण लोखंडावर नवं प्रवाळ धरण्याची वाट बघायला आपण तयार आहोत, तर कुरटे बेटाच्या पायथ्याशी जे आधीच धरलं आहे, ज्याला कुणी पेरलं नाही, त्याला वाचवायला खुंटी, दोर आणि गोळा एवढंच लागतं. त्या जहाजाच्या खर्चातला अगदी बारीक वाटा इकडे आला तरी पुरेल.

शेवटच्या दिवशी आम्ही देवबागला गेलो होतो, कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथे. संगमावरच्या वाळूच्या बेटाला लोक त्सुनामी बेट म्हणतात. तिथेही होड्यांची रांग, पण खाली वाळू आहे, नांगराने फार बिघडत नाही. तेव्हा मी भाच्याला म्हटलं, तू मला किल्ल्याच्या मागच्या जागा कागदावर काढून दे. त्याने सुरुवातीला नाही म्हटलं. "कागदार काढलंय तर कायमचा जातला," म्हणाला. मग रात्री जेवण झाल्यावर माझ्या वहीतलं पान फाडून घेऊन बसला. आईने तिरफळ घालून बांगड्याची आमटी केली होती. त्याचा हात अजून त्या वासाचा होता. त्याने किल्ला काढला, पद्मगड काढला आणि मग एकेक खडक त्याच्या नावासह. जिथे प्रवाळ आहे तिथे टिंब. जिथे वाळू आहे, बोया बसेल, तिथे फुली. अकरा फुल्या आहेत. दोन फुल्यांच्या बाजूला त्याने लिहिलं आहे, 'उधाणात नको'. पान संपल्यावर तांडेलांना दाखवून आणलं. त्यांनी एक फुली खोडून पश्चिमेला सरकवली.

पान पाठवायला दोघांनी होकार दिला आहे, एका अटीवर. त्यावर दोघांचीही नावं नसावीत, आणि बोये बसवायचं ठरलं तर पहिला दिवस समुद्रात त्यांच्याबरोबर काढावा.

पर्यटनाचा हंगाम १ सप्टेंबरला सुरू होतो. उत्तराची वाट पाहते.

आपली,
दांडीची एक माहेरवाशीण

सोबत: वहीचे एक पान, पेन्सिलीने काढलेला नकाशा, अकरा फुल्या.